चौलचा पडका मनोरा आणि कोर्लईची बोली

अलीकडे आम्हा नवी मुंबईकर ख्रिस्ती कुटुंबांमध्ये परदेशी यात्रांची हौस वाढली आहे. पवित्र भूमी, रोम, लुर्ड, फातिमा ही नावे पूर्वीपासून परिचयाची होतीच. आता त्यांच्या पंक्तीला तुर्कस्तान येऊन बसले आहे. इफिसचे भग्नावशेष, तेथील डोंगरावरचे मरियामातेचे घर आणि तेथून जवळच समुद्राच्या कुशीत वसलेले इझमीर शहर, असा त्या यात्रेचा क्रम असतो. इझमीर म्हणजे नव्या करारातील स्मुर्णा. प्रकटीकरणाच्या ग्रंथात ज्या सात मंडळींना पत्रे लिहिली आहेत, त्यांपैकी ही एक. संत पॉलिकार्प हे येथलेच बिशप. दुसऱ्या शतकाच्या मध्यास त्यांनी येथेच रक्तसाक्ष दिली. यात्रेकरू त्यांच्या नावाच्या चर्चमध्ये जातात, मग केमेराल्तीच्या जुन्या बाजारात शिरतात, सुकी अंजिरे आणि मसाले विकत घेतात, संध्याकाळी समुद्रकाठच्या रस्त्याने फेरफटका मारतात आणि पिशव्या भरून घरी परततात.

यात वावगे काही नाही. मात्र स्मुर्णाच्या मंडळीविषयी दोन गोष्टी आपल्या ध्यानात राहाव्यात. पहिली ही की, त्या पत्रात या मंडळीला दोष दिलेला नाही. ती दरिद्री होती, छळ सोसत होती आणि तरीही तिला श्रीमंत म्हटले आहे. दुसरी गोष्ट अलीकडच्या इतिहासातील. १९२२ च्या सप्टेंबरात लागलेल्या आगीत या शहराच्या ग्रीक आणि आर्मेनियन वस्त्या जळून खाक झाल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेले ख्रिस्ती लोक बहुसंख्येने देशोधडीला लागले. आज प्रवासी जे पाहतात ते त्यानंतर पुन्हा उभे राहिलेले शहर होय.

बंदर मोडले, सत्ता पालटली, धनिक निघून गेले, तर शहराचे म्हणून मागे काय उरते? हा प्रश्न पडण्यासाठी तुर्कस्तानपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. आमच्या वाशी-नेरूळपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग या रस्त्याने गेल्यास कुंडलिका नदीच्या मुखाशी असेच एक समुद्रकाठचे शहर पडलेले आहे. त्याचे नाव चौल.

खाडीकाठची जुनी वाट

नवी मुंबई हे नाव नवे. जमीन जुनी आहे. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि त्यानंतर येथे नोडांमागून नोड उभे राहिले, हे खरे. परंतु ज्या पाण्याच्या काठी हे शहर वसले, ते पाणी किमान दोन हजार वर्षे व्यापाराची वाट होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत कल्याणचे नाव येते आणि त्याच्या पाठोपाठ दक्षिणेकडील बंदरांत पहिले नाव येते ते सेमुल्ला. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे सेमुल्ला म्हणजेच चौल. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांतही चेमुला येथील दात्यांचा उल्लेख आहे. म्हणजे ठाण्याच्या खाडीतून बाहेर पडणारी गलबते त्या काळीही आमच्या आजच्या घरांसमोरून जात असली पाहिजेत.

पुढे पोर्तुगिजांच्या काळात ही वाट अधिकच गजबजली. उरणजवळचे करंजा बेट त्यांच्या ताब्यात होते. बेलापूरच्या किल्ल्यावर सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि शेवटी इंग्रज असे एकामागून एक धनी येऊन गेले. उत्तरेस वसई, मध्ये ठाणे, साष्टी आणि करंजा, दक्षिणेस चौल अशी ही साखळी होती. वसईचा इतिहास आपल्या वाचकांना परिचित आहे. पुष्कळांच्या तो रक्तातच आहे. साखळीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या चौलचा मात्र आपल्याला जवळजवळ विसर पडला आहे.

पाखरांसारखा येणारा बाजार

चौलची कीर्ती बाजाराची. अरब प्रवासी अल्‌-मसूदी हा इसवी सन ९१६ च्या सुमारास येथे आला होता. त्याने या शहराला सैमूर म्हटले आहे. त्या वेळी येथे शिलाहार राजा झंझ याची सत्ता होती आणि ओमान, सिराफ, बसरा, बगदाद अशा ठिकाणांहून आलेले व येथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान शहरात राहत होते, असे तो नोंदवतो. हिंदू राजाच्या राज्यात परक्या व्यापाऱ्यांची एवढी मोठी वस्ती सुखाने नांदत होती. बंदराचा हा स्वभावच असतो; तेथे आलेल्या माणसाला प्रथम विचारतात ते ‘काय घेऊन आलास?’ असे. ‘कोणाचा?’ हा प्रश्न नंतरचा.

१४६९ च्या सुमारास रशियातील त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन एक घोडा घेऊन याच किनाऱ्यावर उतरला. अरबी समुद्रातून येणाऱ्या घोड्यांना दख्खनच्या सुलतानांकडून मोठी मागणी होती. निकितिनची कथा पुढे १९५७ साली ‘परदेसी’ या भारत-सोव्हिएत चित्रपटाच्या रूपाने आपल्याकडे पोचली आणि आज रेवदंड्यात त्याचे स्मारकही आहे. पण आम्हाला त्याच्या रोजनिशीतील एक वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. निकितिन हा श्रद्धाळू ख्रिस्ती होता. वाटेत लुटारूंनी त्याला लुबाडले, त्यात त्याचे धर्मग्रंथही गेले. परिणामी त्याला सणांचे गणित लावता येईना. उपवासकाळ कधी सुरू झाला, पुनरुत्थानाचा सण कधी होऊन गेला, हे त्याला कळेनासे झाले. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा जप्त करून धर्मांतरासाठी दबाव आणला तेव्हाही तो डगमगला नाही. परंतु आपल्याला सणाचा दिवस ठाऊक नाही, ही खंत त्याने पुनःपुन्हा लिहून ठेवली आहे. एकटा पडलेला ख्रिस्ती माणूस श्रद्धा टिकवू शकतो, पण पंचांग टिकवणे त्याला कठीण जाते. त्यासाठी गाव लागते. या मुद्द्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज लेखकाने चौलच्या बाजाराचे वर्णन केले आहे. त्याच्या सांगण्यावरून असे दिसते की, वर्षातील बराच काळ हे गाव तसे शांत असे. मात्र डिसेंबरपासून मार्चपर्यंत येथे जत्रा फुलत असे. घाटावरून शिकवलेल्या बैलांचे तांडेच्या तांडे पाठीवर गोण्या लादून खाली उतरत. वीस-तीस बैलांमागे एक हाकणारा असे. घाटावरून कापड आणि धान्य येई, तर समुद्रावरून तांबे, पारा, हिंगूळ असा माल येई. हंगामी पाखरांचे थवे यावेत आणि जावेत तसा हा बाजार येई आणि जाई.

पुढे शहर स्थिरावले तेव्हा कारागीरही स्थिरावले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस येथे आलेला इंग्रज व्यापारी राल्फ फिच आणि त्याच सुमाराचा डच लेखक लिन्स्कोटेन यांनी चौलच्या व्यापाराच्या नोंदी केल्या आहेत. चीनहून कच्चे रेशीम येई आणि येथल्या मागांवर त्याचे कापड विणले जाई. लाखेचे काम केलेल्या पेट्या, मेजे आणि पलंग येथून दूरदूर जात. आज हे माग चौलमध्ये शोधूनही सापडणार नाहीत. मुंबई बेट १६६१ च्या विवाहकराराने इंग्रजांच्या वाट्याला गेले आणि १६६८ च्या सुमारास चौलचे काही रेशीम-विणकर मुंबईत येऊन राहिले. त्यांच्यासाठी इंग्रजांनी घरे बांधून दिली. मुंबईच्या बाजारपेठेच्या पायात चौलचे काही दगड आहेत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. एक बंदर गाळाने आणि लढायांनी थकत गेले, दुसरे वर आले. आणि तीनशे वर्षांनी त्या दुसऱ्या बंदराची गर्दी खाडीपलीकडे सांडून आमचे शहर झाले.

तट, मनोरे आणि तह

चौलच्या पाण्यावर पोर्तुगिजांची पहिली मोठी आठवण पराभवाची आहे. १५०८ च्या मार्चमध्ये इजिप्तच्या मामलूक सुलतानाच्या आरमाराने अमीर हुसेनच्या नेतृत्वाखाली, दीवच्या मलिक अयाझच्या साहाय्याने, चौलच्या बंदरात पोर्तुगीज ताफा गाठला. त्यात व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मैदाचा तरुण मुलगा लोरेन्सो मारला गेला. या आरमारातील तुर्की आणि इतर लढवय्यांना आपल्याकडे ‘रूमी’ म्हणत. म्हणजे तुर्कस्तान आणि चौल यांची गाठ पाचशे वर्षांपूर्वीच पडली होती. पुढल्याच वर्षी, ३ फेब्रुवारी १५०९ रोजी, दीवच्या लढाईत आल्मैदाने मुलाचा सूड उगवला.

त्यानंतर पोर्तुगिजांनी निजामशहाशी मैत्री जोडली. १५१६ मध्ये त्यांची वखार झाली, १५२१ मध्ये किल्ल्याची परवानगी मिळाली आणि १५२४ पर्यंत किल्ला उभा राहिला. याच खालच्या चौलला आज आपण रेवदंडा म्हणतो. वरचे चौल निजामशाहीतच राहिले. राल्फ फिचनेही एका नावाची ही दोन शहरे असल्याचे लिहिले आहे. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने पोर्तुगीज चौलला कित्येक महिने वेढा घातला. तटाबाहेरच्या मठांतूनही लढाई झाली, घराघरांसाठी झुंज झाली आणि अखेर १५७१ च्या जुलैमध्ये तह झाला. १५९४ साली खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगरही पोर्तुगिजांनी जिंकून घेतला.

या काळात चौल हे चर्चचेही शहर होते. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, येशूसंघीय आणि ऑगस्टिनियन अशा संघांचे मठ तटाच्या आत-बाहेर उभे राहिले. संत फ्रान्सिस झेवियर यांनी येथे प्रवचन केले, अशी परंपरा आहे आणि त्यांच्या नावाच्या कपेलचे अवशेष लोक दाखवतात. मात्र या वैभवाचे वर्णन करताना आपण एका गोष्टीकडे डोळेझाक करू नये. त्या मंदिरांच्या पुढच्या रांगा पोर्तुगीज सरदारांच्या होत्या. हा धर्म राजसत्तेच्या हातात हात घालून आला होता. त्या सत्तेने येथील इतर धर्मीयांना दिलेला जाच हाही इतिहासच आहे. आपले पूर्वज या चर्चमध्ये होते, पण बहुधा मागे उभे होते: शिपाई, खलाशी, नोकर, दासदासी, विणकर. मागे उभ्या असलेल्या या माणसांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. चौलचे दिवसही भरले होते. १८ सप्टेंबर १७४० रोजी झालेल्या तहान्वये पोर्तुगिजांनी चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन केले. सरदार, अधिकारी, सधन घराणी गोव्याकडे निघून गेली. मठ ओस पडले, छपरे कोसळली आणि पावसाळ्यांनी उरलेले काम केले.

आज काय पाहावे, काय घ्यावे

आज रेवदंड्यात शिरणारा प्रवासी किल्ला शोधत राहतो आणि आपण किल्ल्याच्या आतच उभे आहोत, हे त्याला थोड्या वेळाने कळते. कारण गावाचा रस्ताच तटातून जातो. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून अचानक एखादी कमान डोकावते, एखाद्या भिंतीवर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेले दिसते, वडाच्या पारंब्यांनी एखाद्या चर्चची खिडकी कवटाळलेली असते. या सर्वांत उंच म्हणजे फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा मनोरा. सात मजल्यांचा म्हणून लोक त्याला सातखणी म्हणतात. त्याचे वरचे मजले ढासळले आहेत. तरीही वाडीच्या हिरव्या रंगात तो काळा दगडी खांब दुरून ओळखू येतो.

चौलला ख्रिस्ती अवशेष तेवढेच पाहून परत फिरणे म्हणजे पुस्तकाचे एकच पान वाचणे. वरच्या चौलमध्ये रामेश्वराचे देवालय आणि त्यापुढचे तळे आहे. टेकडीवर दत्ताचे स्थान आहे. मार्गशीर्षातील दत्तजयंतीला तेथे पाच दिवसांची मोठी यात्रा भरते आणि बार्बोझाने पाहिलेला हिवाळी बाजार जणू वेगळ्या रूपात पुन्हा उभा राहतो. निजामशाही काळातील पडक्या वास्तू आहेत. रेवदंड्यात बेने इस्रायलींचे सभास्थान आहे. ज्यांना त्या समाजाविषयी कुतूहल वाटेल, त्यांना आपल्या पनवेलमधील १८४९ चे बेथ एल सभास्थानही आठवेल. इतक्या धर्मांनी एका खाडीच्या काठी आपापले दिवे लावले, हीच चौलची खरी शोभा.

आणि खरेदी? चिनी रेशीम मिळणार नाही, पण अलिबागकडच्या रस्त्यावर उन्हाळ्यात पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतील. गोडसर चवीच्या या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिवाळ्यात वालाच्या शेंगा येतात आणि मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटी लावली जाते. सुपारी आहे, नारळ आहे, कोळणींच्या टोपल्यांत सुके बोंबील, जवळा आणि सोडे आहेत. हे पदार्थ घेताना घासाघीस जरा बेतानेच करावी. मॉलमध्ये छापील किंमत निमूटपणे मोजणाऱ्या आम्हा शहरी कुटुंबांनी उन्हात बसलेल्या बाईशी पाच रुपयांसाठी वाद घालणे शोभत नाही.

खाडीपलीकडचे गाव

येथवर सांगितले ते कोणत्याही पर्यटकाला दिसेल. आता जे सांगावयाचे ते कान उघडे ठेवणाऱ्यालाच लाभेल. रेवदंड्याचा पूल ओलांडून साळावमार्गे गेले की, समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या पायथ्याशी कोर्लई गाव लागते. वर किल्ला, त्यात पडके कपेल, संतांची नावे दिलेले बुरूज, खाली दीपगृह. बहुतेक गाड्या दीपगृहापाशी थांबतात, छायाचित्रे निघतात आणि गाड्या मुरूडकडे निघून जातात. पण या गावातील ख्रिस्ती वस्तीत शिरल्यास घराघरातून एक बोली कानावर येते. ती मराठी नव्हे, कोकणी नव्हे आणि लिस्बनची पोर्तुगीजही नव्हे. बोलणारे तिला ‘नो लिंग’ म्हणतात. अर्थ सरळ आहे: आमची भाषा.

१७४० मध्ये धनी निघून गेले तेव्हा मागे राहिलेली ख्रिस्ती माणसे चौलहून कोर्लईत येऊन वसली, असे अभ्यासक मानतात. गोव्याला जाऊन नव्याने बस्तान बसवण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. जी भाषा त्यांनी मालकांच्या घरात, छावणीत, चर्चच्या अंगणात उचलली होती, ती मालक गेल्यावरही त्यांच्या मुलांच्या तोंडी राहिली. शब्द बहुतांशी पोर्तुगीज. पण वाक्याची ठेवण हळूहळू शेजारच्या मराठीची झाली. पोर्तुगीज भाषेत क्रियापद कर्माच्या आधी येते. कोर्लईच्या बोलीत ते आपल्या मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने या बोलीचा अनेक वर्षे अभ्यास करून १९९६ साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपासच. एका लहानशा गावाची भाषा जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांना ठाऊक झाली आणि शंभर किलोमीटरवरच्या आम्हाला मात्र तिचा पत्ता नाही!

ही बोली टिकली कशी? कारणे साधी आहेत. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे खाडी आणि डोंगर; १९८० च्या दशकात पूल होईपर्यंत गाव बरेचसे एकाकी होते. धर्म वेगळा असल्याने भोवतालच्या गावांशी सोयरीक नव्हती आणि गरीब असल्याने दूरच्या प्रतिष्ठित ख्रिस्ती घराण्यांशीही नव्हती. लग्ने गावातल्या गावात होत. पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत येत राहिले, त्यामुळे चर्चमधील भाषेचा आणि घरातील भाषेचा धागा पुरता तुटला नाही. माउंट कार्मेल मातेचे चर्च हे त्या गावाचे केंद्र. निकितिनपाशी ग्रंथ नव्हते म्हणून तो एकटा सण विसरला. कोर्लईकरांपाशी सरदार नव्हते, तट नव्हता, तोफा नव्हत्या, पण एकमेकांची सोबत होती. म्हणून सणही राहिला आणि सणाच्या दिवशी गायची भाषाही राहिली.

वसईतही याहून वेगळे घडले नाही. १७३९ नंतर वसईच्या तटातील शहर उजाड झाले. परंतु तटाबाहेरचे शेतकरी, बागाईतदार, कोळी तेथेच राहिले. आज वसईची श्रद्धा जिवंत आहे ती त्यांच्यामुळे. दगडी शहर ज्यांचे होते ते दगड सोडून गेले आणि ज्यांचे काहीच नव्हते त्यांनी वारसा सांभाळला. स्मुर्णाच्या दरिद्री मंडळीला श्रीमंत का म्हटले असावे, हे कोर्लईत उभे राहिल्यावर थोडेसे उमगते.

तथापि कोर्लईचे चित्र रंगवताना भाबडेपणा नको. ज्या एकाकीपणाने भाषा राखली, त्याच एकाकीपणात गरिबीही होती. आता पूल आहे, शाळा आहे, नोकरीसाठी तरुण मुंबईकडे येतात. मुले शाळेत मराठी शिकतात, पुढे इंग्रजी शिकतात. आणि शिकलीच पाहिजेत. बोली टिकावी म्हणून माणसांनी दारिद्र्यात राहावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही पाहुण्याला नाही. प्रश्न एवढाच आहे की, सुबत्ता येताना घरातील भाषा उंबऱ्याबाहेर ठेवूनच यावी लागते काय?

आमच्या इमारतींतून

हा प्रश्न कोर्लईला विचारण्याआधी आम्ही स्वतःला विचारला पाहिजे. नवी मुंबईचे आमचे धर्मग्राम हेही एक बंदरच होय. वसईची कुटुंबे आली, गोव्याची आली, मंगळूरची आली, केरळची आली. कोणी कादोडी घेऊन आले, कोणी वाडवळी, कोणी कोकणीच्या दोन-तीन तऱ्हा, कोणी मल्याळम. येथील आगरी-कोळी गावांची बोली तर आधीपासूनच होती. एका रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात कान देऊन उभे राहिले तर अल्‌-मसूदीच्या सैमूरची आठवण व्हावी, इतक्या भाषा ऐकू येत. आज मात्र त्याच आवारात आजी-आजोबा एका भाषेत बोलतात, आईवडील दोन भाषांची खिचडी करतात आणि नातवंडे केवळ इंग्रजीत उत्तर देतात. नोव्हेना पाठ असते, पण आजी ज्या शब्दांत रोझरी म्हणते ते शब्द कळत नाहीत.

कोर्लईच्या निरक्षर शिपायांनी आणि दासींनी २८० वर्षांहून अधिक काळ जे जपले, ते आम्ही सुशिक्षितांनी एका पिढीत गमावत आणले आहे. त्यांच्यावर छळ होता, दारिद्र्य होते. आमच्यावर कोणाची सक्ती नाही. आमच्या भाषा कोणी हिरावून घेतलेल्या नाहीत. सोयीसाठी आम्हीच त्या एकेक करून खाली ठेवल्या.

भाषेचा आणि श्रद्धेचा काय संबंध, असे कोणी विचारील. प्रभू सर्व भाषा जाणतो, हे खरेच. परंतु श्रद्धा आपल्यापर्यंत पोचते ती कोणाच्या तरी तोंडून आणि ते तोंड बहुधा आजीचे असते. तिच्या शब्दांना कुलूप लागले, तर त्या शब्दांतून येणारे सणांचे अर्थ, आळवणीच्या चाली, उपवासाचे पदार्थ, मरणाच्या घरी काय बोलावे याचे शहाणपण, हे सारेच कुलूपबंद होते. आणि गंमत अशी की, ‘चावी’ हा शब्दही आपल्याला पोर्तुगिजांनी दिला! नाताळ, पाद्री, क्रूस, पाव, बटाटा, काजू, पगार, घमेले, बादली ही सर्व त्या मोडलेल्या बंदरांतून आपल्या घरात आलेली मंडळी आहेत. महाराष्ट्रातील कोणत्याही धर्माचे कुटुंब दिवसातून दहा वेळा चौल-वसईचे शब्द उच्चारते.

म्हणून आमची धर्मग्रामांतील कुटुंबांना विनंती आहे की, तुर्कस्तानला अवश्य जावे, पण त्याआधी एकदा चौलला जावे. युवक मंडळाची वार्षिक सहल दरवर्षी जलक्रीडेच्या ठिकाणीच गेली पाहिजे असे नाही. सकाळी लवकर निघून रेवदंड्याचे तट पाहावेत, भिंतींवर आपली नावे कोरू नयेत, दुपारी गावातच जेवावे, आणि कोर्लईच्या धर्मगुरूंना आधी कळवून तेथील मिस्सात सामील व्हावे. गावकऱ्यांना प्रदर्शनातील वस्तू समजून त्यांच्यापुढे कॅमेरे धरू नयेत. ओळख होऊ द्यावी; मग ते आपणहून बोलतात.

आणि परतताना, पेणच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागेल तेव्हा, मागच्या आसनावर बसलेल्या आजीला मुलांनी एकच प्रश्न विचारावा: ‘तुमच्या लहानपणी घरात संध्याकाळची प्रार्थना कोणत्या शब्दांत होत असे?’ रांग बरीच लांब असते. पुरी प्रार्थना म्हणून होईल, मुलांना पहिली ओळ पाठही होईल.